धेंपो क्लब आणि मैदानाची शिडी

सिल्वासाहून राखोली, सायलीच्या बाजूस गेले की कापडाचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने दिसू लागतात. दादरा-नगर हवेली 1954 साली, म्हणजे गोव्याच्या सात वर्षे आधी, पोर्तुगीजांच्या जोखडातून मुक्त झाली. पुढे करसवलतींच्या आधाराने तेथे उद्योग आले आणि उद्योगांबरोबर पैसाही आला. परंतु देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये खेळलेला एकही क्लब त्या भूमीच्या वाट्याला आलेला नाही. गोव्याने मात्र असे अनेक क्लब दिले. एकाच परकीय सत्तेखाली राहिलेल्या दोन प्रदेशांत हे अंतर का पडावे? आणि सायलीच्या एखाद्या वारली मुलाला उद्या हे अंतर तोडावयाचे झाले, तर त्याच्यासाठी वाट मोकळी आहे काय? धेंपो क्लबाचा इतिहास चाळताना हे दोन्ही प्रश्न आम्हास महत्त्वाचे वाटतात.

गोव्यात फुटबॉल आणला तो पोर्तुगीज सरकारने नव्हे. विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू 1883 साली शिवोलीस आले आणि त्यांनी मुलांच्या पायाशी चेंडू दिला, असा इतिहास सांगितला जातो. पुढे चर्चच्या आवारातून आणि शाळांतून हा खेळ गावोगाव गेला. भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत गोल उभे राहू लागले, आणि वाड्यावाड्यांतील चुरशीतून खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. आधी मैदान झाले, मग प्रेक्षक झाले. पैसा सर्वांत शेवटी आला. तो आला लोहखनिजातून. साळगावकर क्लब 1956 साली वास्कोत निघाला. डिचोलीच्या फुटबॉलला धेंपो उद्योगसमूहाचा आधार मिळाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या क्लबाचे जन्मवर्ष 1968 मानले जाते. खेळाडूस कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी सराव, या व्यवस्थेने कितीतरी सामान्य घरांतील मुलांच्या चुली पेटत्या ठेवल्या. नुसता कारखाना क्लब निर्माण करू शकत नाही, आणि नुसते शेतातले गोलही तो टिकवू शकत नाहीत. गोव्यात या दोहोंची गाठ पडली, हेच त्या अंतराचे उत्तर आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धेंपोने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांना गोव्याची दखल घ्यावी लागली. परंतु क्लबाचा खरा उत्कर्ष पुढचा आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर एक मृत्यू उभा आहे. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध होता. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने क्लबाचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. चषक गोव्यात आला, पण तो आणणारा आला नाही. त्याच हंगामात धेंपोने आपले पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळविले, आणि त्याचा दहा क्रमांकाचा पोशाख क्लबाने पुन्हा कोणास न देण्याचा निर्णय घेतला. हजारो मैलांवरून आलेल्या एका तरुणाला क्लबाने आपला मानला आणि त्याची जागा रिकामी ठेवली. जमाखर्चाच्या वहीत अशा जागेची नोंद कोठे करावयाची?

त्यानंतर 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 या हंगामांतही धेंपो देशाचा विजेता ठरला. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली मिळालेली ही पाच विजेतेपदे त्या वेळी देशातील कोणत्याही क्लबापेक्षा अधिक होती. 2008 साली संघाने ए. एफ. सी. चषकाची उपांत्य फेरी गाठली. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांचा हिशेब मांडला तर अभिमान वाटावा असे चित्र दिसते. तीनदा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. सहाच्या सहा वेळा विजेता गोव्याचा! त्या काळी दोनच जिल्हे असलेल्या या चिमुकल्या राज्याने खंडप्राय देशाला सहा वर्षे फुटबॉलचे धडे दिले.

मग हे वैभव गेले कोठे? काही कारणे घरचीच आहेत. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ज्या अर्थकारणावर गोव्याचा फुटबॉल उभा होता त्याचाच पाया हलला. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय त्यापूर्वीच, 2009 साली, विकला होता. 2014-15 च्या हंगामात संघ खालच्या श्रेणीत गेला. तरीही ही पडझड खेळाच्या नियमांतलीच होती. जो हरतो तो उतरतो, जो जिंकतो तो चढतो. पुढच्याच वर्षी धेंपोने दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क मैदानावर मिळविलाही. परंतु तोवर नियमच बदलू लागले होते. 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला देशाची अव्वल स्पर्धा करावयाची आणि आय-लीगला तिच्या खाली बसवावयाचे, असा आराखडा महासंघाने पुढे ठेवला. नव्या लीगमध्ये प्रवेश गुणांवर नव्हे, तर पैशावर ठरणार होता. याच्या निषेधार्थ 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले.

धेंपो आणि साळगावकर घराण्यांतील मंडळी आरंभी एफ. सी. गोवाच्या मालकीतही सहभागी होती, हे येथे सांगितले पाहिजे. एफ. सी. गोवाने नाव कमावले, 2021 साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळविला. त्याचे यश आमचेच आहे. आमचा वाद नव्या क्लबाशी नाही. वर जाणारी शिडी काढून घेण्याशी आहे.

दूर युक्रेनकडे पाहा. दोनेत्स्कच्या कोळसा खाणीतील कामगारांचा शाख्तार हा क्लब 1936 साली निघाला. त्या नावाचा अर्थच खाणकामगार. 2009 साली त्याने युएफा चषक जिंकला. 2014 च्या युद्धाने त्याचे शहर आणि मैदान दोन्ही हिरावून घेतले. ल्विव, खार्किव, कीव अशी बिऱ्हाडे बदलत आणि युरोपीय सामन्यांसाठी परदेशी मैदाने भाड्याने घेत तो खेळत राहिला. बाँबगोळ्यांनी त्याचे घर नेले, पण लीगमधील त्याचे स्थान कोणी काढून घेतले नाही, कारण ते त्याने खेळून मिळविले होते. आमच्या क्लबांवर एकही गोळा पडला नाही. त्यांचे स्थान बैठकीतल्या कागदाने गेले.

सुदैवाने शिडीच्या काही पायऱ्या पुन्हा बसविल्या गेल्या आहेत. आय-लीगचा विजेता वर जाऊ लागला. 2023 मध्ये पंजाब एफ. सी. आणि 2024 मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग असे वर गेले. धेंपोनेही राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीपासून पुन्हा आरंभ केला आणि तेथे दुसरा क्रमांक मिळवून 2024-25 च्या हंगामात तो आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होते समीर नाईक, धेंपोच्या वैभवकाळातले खेळाडू. पाच वेळा देश जिंकलेल्या क्लबाने तळाच्या रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानला नाही, हा मोठेपणा आहे.

परंतु निश्चिंत व्हावे अशी स्थिती अद्याप नाही. 2024-25 च्या आय-लीगचा विजेता कोण, हे ठरविण्यास स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाचा निवाडा यावा लागला, आणि चर्चिल ब्रदर्सला जाहीर झालेला मान इंटर काशीकडे गेला. त्याच जुलै महिन्यात व्यापारी कराराच्या घोळापायी सुपर लीगचा पुढचा हंगाम लांबणीवर पडला. ज्या पैशासाठी शिडी काढली, तो पैसाच असा डळमळीत निघाला! चढण्या-उतरण्याचा नियम सर्व श्रेणींत, वरपासून खालपर्यंत, अपवादावाचून लागू झाला पाहिजे आणि तो कोणत्याही कराराच्या मर्जीवर राहता कामा नये, हे महासंघाने आता तरी ओळखावे.

डिचोलीसारख्या गावातून निघालेला फुटबॉल पाच वेळा देशाच्या शिखरावर गेला, कारण त्या काळी वाट मोकळी होती. सायलीच्या मुलाकडे आज ना लायन्स आहेत, ना खाणमालक. त्याच्याकडे जे काही असेल ते घेऊन त्याने खेळावे आणि जिंकला तर वर जावे, एवढी हमी तरी देशाने त्याला द्यावयास नको काय?