‘स्त्री’ शब्दाची व्याख्या : लिंग, लिंगभाव आणि विवक्षा

‘स्त्री’ कोणास म्हणावे, या आजच्या वादात एक पक्ष या शब्दाचा अर्थ शरीररचनेवरून ठरवितो. दुसरा पक्ष त्यात व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या जाणिवेचा अंतर्भाव करतो. मराठीत या वादाला आणखी एक अडचण आहे. शरीरभेद, जननेंद्रिय व व्याकरणातील भेद या तिहींसाठी ‘लिंग’ हा एकच शब्द रूढ आहे. सामाजिक व मानसिक अर्थासाठी ‘लिंगभाव’ ही संज्ञा अलीकडे प्रचारात आली असली, तरी तिच्यातही मूळ संदिग्धता काही अंशी राहतेच.

हा प्रश्न आपल्या व्याकरणपरंपरेस अपरिचित नाही. पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ (४.१.३) या सूत्रावरील महाभाष्यात पतंजलीने शारीरिक चिन्हांवर आधारलेली लौकिक व्याख्या प्रथम मांडली व नंतर तीवरील आक्षेप विचारात घेतले. ही व्याख्या मानल्यास स्त्रीवेष धारण करणाऱ्या नटास, म्हणजे ‘भ्रूकुंसा’स, स्त्रीप्रत्यय लावण्याचा प्रसंग येतो, उलट खाट व वृक्ष या अचेतन वस्तूंच्या नामांचे लिंग मुळीच सिद्ध होत नाही. पत्नीवाचक ‘भार्या’, ‘दार’ व ‘कलत्र’ हे संस्कृत शब्द अनुक्रमे स्त्रीलिंगी, पुल्लिंगी व नपुंसकलिंगी आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. म्हणून वैयाकरणास लौकिक लिंगावर विसंबता येत नाही, असे पतंजली म्हणतो आणि वक्त्याच्या विवक्षेस स्थान देतो. अर्थात हा निर्णय शब्दांच्या लिंगाविषयी आहे. व्यक्तीच्या ओळखीचा निवाडा त्यातून काढणे अप्रस्तुत होय.

मराठीत मात्र ही दोन क्षेत्रे क्रियापदात एकत्र येतात. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच वक्त्याचे लिंग प्रकट होते. ‘मी येईन’, ‘मी पुस्तक वाचले’, ‘तुम्ही आलात’ या रूपांत ते प्रकट होत नाही. कोल्हापूरकडील बोलीत तर स्त्रियांच्या तोंडीही ‘मी आलो’ हे रूप ऐकू येते; म्हणजे रूप व व्यक्ती यांचा संबंध सर्वत्र सारखा नाही. तथापि प्रमाणभाषेत ‘मी आले’ म्हणणाऱ्या पारलिंगी स्त्रीस कोणी ‘तू आलास’ असे संबोधिले, तर त्या एका प्रत्ययानेच तिची ओळख नाकारली जाते.

कायद्यात शब्दार्थाचे परिणाम अधिक दूरगामी होतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरविण्याचा पारलिंगी व्यक्तींचा अधिकार मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील २०१० च्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगानुसार घ्यावा, असा निर्णय दिला. त्याच वेळी पारलिंगी व्यक्तींना त्या कायद्याने भेदभावाविरुद्ध दिलेले स्वतंत्र संरक्षण कायम असल्याचेही स्पष्ट केले. पहिल्या निर्णयापुढे व्यक्तीच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न होता, दुसऱ्यापुढे एका विशिष्ट अधिनियमातील शब्दाच्या अर्थाचा.

यास्तव ‘स्त्री’ शब्दाची कोणतीही व्याख्या तपासताना ती व्याकरणाची, वैद्यकाची, कायद्याची की आत्मजाणिवेची, हे अगोदर निश्चित केले पाहिजे. तेवढ्याने मतभेद मिटणार नाहीत; परंतु वाद शब्दाचा कोणता व न्यायाचा कोणता, हे तरी वेगळे करता येईल.