बाळ केशव, बाप सचिन!

हल्ली बारशाला गेलात तर एक गंमत हमखास दिसते. आत्याबाई बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते, नाव जाहीर होतं आणि पाळण्याभोवतीच्या अर्ध्या बायका एकमेकींकडे बघतात. रेयांश नाही, वेदांश नाही, चक्क केशव! मग एखादी मावशी पूर्ण नाव म्हणून बघते, ‘केशव सचिन...’ आणि खुदकन हसते. जणू पणजोबाच सचिनचे चिरंजीव!

खरी अडचण इथेच आहे. साहेबाच्या देशात पहिलं आणि मधलं, दोन्ही नावं हौसेने जुळवतात. आपल्याकडे मधली जागा बापाने आधीच अडवलेली. जोडी जमवायची तर पुढचंच नाव हलवायचं. आणि जमली तर काय भारदस्तपणा येतो, हे नाशिककरांना सांगायला नको. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. भगूरचे विनायक दामोदर सावरकर. टिळकवाडीतले विष्णू वामन शिरवाडकर. आडनाव गाळलं तरी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

यातली शिरवाडकरांची गोष्ट फार मजेची. जन्माने ते गजानन रंगनाथ. काका वामन शिरवाडकरांना दत्तक गेले आणि पुढचं-मधलं दोन्ही नावं एकदम बदलली. नवी जोडीही अशी की पुढे विष्णू आणि मागे त्याचाच पाचवा अवतार! आता वि. स. खांडेकर बघा. मूळचे गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम. म्हणजे मराठीला पहिली दोन ज्ञानपीठं (१९७४ आणि १९८७) मिळवून देणारे दोघेही आधी गणपती होते, दत्तक गेले आणि विष्णू झाले.

थांबा, अजून आहे. तिसरं ज्ञानपीठ (२००३) गोविंद विनायक करंदीकरांचं, इथे गणपती मधल्या नावात. चौथं (२०१४) भालचंद्र वनाजी नेमाड्यांचं, भालचंद्र म्हणजे पुन्हा बाप्पाच. मुलाने ज्ञानपीठ मिळवावं अशी इच्छा असेल तर नावात कुठेतरी गणपती बसवून टाका, एवढंच सांगतो. धुंडिराजही गणपतीच. भगूरच्या दामोदरपंतांनी तर थोरल्याचं नाव गणेश ठेवलं आणि त्याच्या पाठच्याचं विनायक!

मग अशा घरात हाक कशी मारायची? थोरले बाबाराव, मधले तात्या, धाकटे नारायण ते बाळ. जुन्या घरांत हाकेचं नाव वेगळंच असायचं, आणि त्यामागे कारणही होतं. नातवाला आजोबांचं नाव दिलं की सुनेची पंचाईत. सासऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं, आणि ते घेऊन पोराला रागवायचं तरी कसं? म्हणून पाच वर्षांच्या पोरालाही नाना, आप्पा, बापू. आज सून सासऱ्यांना नावानिशी ग्रुपवर टॅग करते, त्यामुळे ही अडचण उरलेली नाही. जुनी नावं निर्धास्त घ्या.

फक्त एक पथ्य पाळा. आद्याक्षरं मोठ्याने म्हणून बघा. पु. ल., ग. दि. मा., वि. वा. हे ऐकायला कसं गोड! पण केशव सचिनचं होतं ‘के. स.’ आणि माधव राहुलचं ‘मा. रा.’. शाळेतली पोरं सोडतील का?

मुलींच्या जोड्या लग्नात जुळायच्या. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव कोरायचं. ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या मनकर्णिका गोखले. नवरा नारायण वामन, आणि सासरी मनूची झाली लक्ष्मी. लक्ष्मी-नारायण, जोडी अगदी देव्हाऱ्यातली! रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी या दोघीही माहेरच्या यमुनाच होत्या. आज असं तांदळाचं ताट पुढे आलं तर मुलगी सरळ त्याची खिचडी लावेल, आणि बरंच करेल.

आता सगळ्यात जुनी जोडी. ती बघायला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी कोरलेला. त्यात ती मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गोडवे गाते आणि स्वतःला महाराजाची आई, महाराजाची आजी म्हणवते. राजांच्या नावात आई, तीही सगळ्यात पुढे! (गौतमी, वासिष्ठी ही नावं गोत्रांवरून आलेली, हे खरं. पण गोत्र आईकडचं.) सुमारे १९०० वर्षांनी सरकारलाही आई आठवली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे आता जोडी नाही, त्रिकूट. ‘केशव स्नेहल सचिन’ म्हणून बघा. आजी म्हणेल, लांबलं. माझं मत विचाराल तर उलट ताल बसला, आणि त्या ‘के. स.’चा प्रश्न आईने परस्पर सोडवला.

तरीही आत्या, आजी आणि दोन्हीकडचे काका यांचं एकमत होत नसेल तर घाई करू नका. महापालिकेत जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण ती बाळाच्या नावाविनाही होते. नाव पुढच्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.