रस्त्यावरून घरी आलेला कुत्रा आणि त्याचं चित्र

विषयाचं नाव वाचून निम्मे लोक चित्रकलेचं प्रात्यक्षिक बघायला आलेत आणि निम्मे घरी कुत्रा आहे म्हणून आलेत, असा माझा अंदाज आहे. मागे एक जण तर पट्टा हातात घेऊनच बसलेत. (हशा) दोघांचंही काम व्हावं असा प्रयत्न करते.

मी पाळीव प्राण्यांची व्यक्तिचित्रं काढते. मांजरं येतात, एकदा एक कासवही आलं होतं, पण मुख्य काम कुत्र्यांचं. पूर्वी लॅब्राडॉर, पामेरियन जास्त असायचे. आता बरेचसे फोटो येतात ते आपल्या गावठी कुत्र्यांचे. कुणी अपघातातून उचललेला, कुणी पावसात टेम्पोखाली सापडलेला. माझ्याकडेही तशीच एक आहे, तांबी. रंगावरून नाव, त्यात काही कल्पकता नाही.

आता मुख्य अडचण सांगते. चित्र काढायचं तर टक लावून बघावं लागतं. आणि घाबरलेल्या कुत्र्याला टक लावून बघितलेलं अजिबात चालत नाही. रोखलेली नजर, समोरून येणं, वरून वाकणं, डोक्यावर हात ठेवणं, ही आपली प्रेमाची पद्धत आहे; अनोळखी कुत्र्याला ती धमकी वाटते. नव्याने आणलेल्या कुत्र्याशी आपण पहिल्या दिवशी नेमकं हेच करतो. शेजारपाजारचे बघायला येतात, मुलं भोवती गोल करून बसतात, आणि तो बिचारा सोफ्याखाली जातो. मग आठ दिवसांनी फोन येतो, ‘आमच्याकडे तो रमत नाहीये हो, परत घेऊन जा.’ परत म्हणजे कुठे? बहुतेक वेळा रस्त्यावरच. म्हणून बघायचं कसं, हा प्रश्न मला चित्रापेक्षा मोठा वाटतो.

लोक मला फोटो पाठवतात, खाली लिहितात, ‘बघा ना, कसा हसतोय.’ आणि मला दिसतं, की तोंड उघडं आहे पण ओठांचे कोपरे मागे ताणलेत, कान डोक्याला चिकटलेत, मान एकीकडे वळलीय आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसतेय. हा कुत्रा हसत नाहीये, घाबरलाय. सैल कुत्र्याचं तोंडही सैल असतं, जीभ एका बाजूला लोंबते, कपाळावर आठी नसते. घाबरलेला कुत्रा भूक नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो. नॉर्वेच्या तुरिड रुगास या प्रशिक्षक बाईंनी अशा खुणा गोळा करून त्यांवर पुस्तक लिहिलंय. पण ही पुस्तकी विद्या नव्हे, घरी गेल्यावर आजच बघता येईल. मोबाइल समोर धरून ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणा आणि तो ओठ किती वेळा चाटतो ते मोजा.

तसाच दुसरा गैरसमज अपराधी चेहऱ्याचा. ‘चप्पल फाडली की त्याला कळतं हो, कसं तोंड करतो.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी 2009 साली यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने ‘खाऊ नको’ म्हणून खाऊ ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच खाल्लं होतं का, यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती आपल्या आवाजाची भीती आहे. रस्त्यावर दगड खाल्लेल्या कुत्र्यात ती आधीच भरलेली असते, त्यात आपण भर घालायची नाही.

चित्रकाराला आणखी एका संशोधनाचा फार उपयोग होतो. युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं, की कुत्र्यांमध्ये भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू नीट विकसित झालेला असतो. लांडग्यांमध्ये तो जवळपास नसतोच. माणसाबरोबर राहता राहता झालेला हा बदल असावा, असं त्यांचं म्हणणं. ते करुण डोळे म्हणतो ना आपण, ते डोळ्यांत नसतात, डोळ्यांच्या वर असतात. चित्रात बुबुळं कितीही पाणीदार काढा, भुवईची ती लहानशी तिरकी सावली चुकली की कुत्रा दुसराच होतो.

बरं, मग बघायचं कसं? मी जमिनीवर बसते, कुत्र्याकडे पाठ नाही पण कूस करून, आठ-दहा फुटांवर. मांडीवर वही. एक-दोन सेकंद बघायचं, नजर कागदावर आणायची, आठवणीतून रेघ काढायची. परत ओझरतं बघायचं. कुत्रा उठून गेला तर जाऊ द्यायचा. तो पाय तसाच अर्धा राहतो, दुसरं चित्र सुरू करायचं. कलाशाळेत रेखाटनाचा सराव म्हणून आम्हाला हेच करायला लावायचे. आणि गंमत बघा, घाबरलेल्या कुत्र्याला नेमका असाच माणूस हवा असतो. जवळ बसलेला, शांत, हलत नसलेला, आणि आपल्याकडे बघत नसलेला! पेन्सिलीचा आवाजही एकसारखा, धक्का न देणारा. तांबी पहिले तीन दिवस शिलाई मशीनच्या मागे होती. तेव्हाच्या वहीत फक्त एक कान आणि दोन पंजे आहेत. चौथ्या पानावर नाक आलंय. सहाव्या पानावर ओला डाग आहे, तो त्याच नाकाचा. चित्र येत नसेल तरी हे करा. वही घ्या, गवताच्या काड्यांसारख्या रेघा ओढा, कुत्रा काही तुमचं चित्र तपासायला बसलेला नाही.

कुत्री दत्तक देणारे लोक तीन-तीन-तीनचा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस बुजलेपण, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. कायदा नाही हा, कुणाला सहा महिनेही लागतात. पण आठव्या दिवशी परत देण्याचा विचार करणाऱ्याला हे आकडे जरूर ऐकवावेत. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. एक कोपरा ठरवून द्या, तिथे त्याला कुणी ओढून काढायचं नाही. बाहेर नेताना पट्टा आणि हार्नेस दोन्ही, कारण बुजलेला कुत्रा मान मागे खेचून पट्ट्यातून सहज निसटतो.

डॉक्टरांकडे मात्र लवकर न्यायचं. वजन, जंताचं औषध, गोचीड, रेबीजची आणि इतर लशी, कधी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. या गडबडीत चावला किंवा नख लागलं तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही, म्हणून यात ‘बघू उद्या’ नको. आणि आपल्या डब्यातल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, आपल्याला साध्या वाटणाऱ्या या गोळ्या त्यांच्या जिवावर बेततात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा हेही नको.

चित्रकाराच्या घरात एक जास्तीची काळजी. ब्रश धुतलेलं पाणी कुत्री पितात! कॅडमियमचे लाल-पिवळे रंग, जुन्या ट्यूबमधला शिशाचा पांढरा, टर्पेंटाइन, सगळं झाकणाच्या बरणीत आणि उंचावर. माझ्याकडे पाण्याला लोणच्याची बरणी आहे, झाकण फिरवून बंद होणारी.

आता रंगांवरून एक अनुभव सांगते. तांबीला येऊन दीड महिना झाला होता. मी तिच्या जांभईचे अभ्यास करत होते, आणि हिरड्यांसाठी एक गुलाबी रंग कालवून ठेवला होता, अ‍ॅलिझरिन क्रिमझन, किंचित यलो ओकर आणि पांढरा. पुढच्या आठवड्यात तो रंग जुळेना. माझा रंग तोच होता, हिरड्या फिक्या पडल्या होत्या. खाणं थोडं कमी, बाकी काही नाही. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स खूप उतरलेल्या. गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा आजार, ज्याला सगळे टिक फिव्हर म्हणतात. महिनाभर गोळ्या चालल्या. आपल्या हवेत हा आजार सर्रास होतो आणि उशीर झाला तर कुत्रं हातचं जातं. म्हणून प्रत्येकाने आपल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा निरोगी रंग पाठ करावा. बोटाने हिरडी दाबा, पांढरी होईल. सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

आता चित्राकडे. फोटोवरून काढायचं असेल तर फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, म्हणजे आपण खाली बसायचं. फ्लॅश नको, त्यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, डोळे हिरवे चमकतात. खिडकीशेजारी, एका बाजूने उजेड. मोबाइल नाकाजवळ नेलात तर नाक बटाट्याएवढं आणि कान चिमुकले येतात, तेव्हा सहा-सात फूट मागे सरकून झूम करा.

रंगवताना केस मोजत बसू नये. आधी उजेड-सावलीचे मोठे आकार, मग केसांची दिशा. नाकाच्या दांड्यावरून केस वर कपाळाकडे जातात, गालावर मागे आणि खाली वळतात, छातीवर भोवरा असतो. ही दिशा बरोबर असली की शेवटी पन्नास केस काढले तरी पुरतात. काळा कुत्रा ट्यूबमधल्या काळ्याने रंगवला की भोक पडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद करा. पाठीवरची चमक निळसर ठेवा, ती आकाशाची असते. तांबूस कुत्र्याला यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि सावलीत थोडा जांभळा. डोळ्यांतला चमकीचा ठिपका सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाच्या एकाच बाजूला.

गावठी कुत्र्यांच्या बाबतीत एक विनंती नेहमी येते. कानाचं टोक कापलेलं असतं, लोक म्हणतात, ‘तेवढा कान पूर्ण करून द्या.’ नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची ती खूण असते. मी सांगते, राहू द्या. त्या कानावरूनच तर तो तुमचा ओळखू येतो. आपल्या घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, ते चार वेद मानले जातात; तिथे ती सारखी दिसली तरी बिघडत नाही. व्यक्तिचित्रात चालत नाही.

जुन्या चित्रकारांपैकी दोघांची तुलना करून बघा. इंग्लंडचे एडविन लँडसीअर कुत्र्यांसाठी प्रसिद्ध. 1838 मध्ये त्यांनी बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या न्यूफाउंडलंड कुत्र्याचं चित्र प्रदर्शनात मांडलं, इतकं गाजलं की त्या जातीतल्या काळ्या-पांढऱ्या कुत्र्यांना लँडसीअर हेच नाव पडलं. हात विलक्षण आहे. पण पुष्कळ चित्रांत त्यांनी कुत्र्याला माणसाचे भाव चिकटवलेत, मला ते खटकतं. याउलट वेलास्केझचं 1656 चं ‘लास मेनिनास’ घ्या. राजकन्या मध्ये, आणि पुढे एक दांडगा कुत्रा पेंगतोय. एक जण त्याच्या पाठीवर पाय ठेवतोय, तरी हा उठत नाही. तो उदास नाही, स्वामिनिष्ठ नाही, फक्त सुरक्षित आहे. रस्त्यावरून आणलेला कुत्रा आपल्या घरात असा झोपला, की त्या दिवशी फोटो काढा आणि मला पाठवा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. ‘आमचा मोती गेला. फोटो सगळे शेवटच्या आजारपणातले आहेत. चित्र होईल का?’ होईल. पण ते फोटो मी फक्त मापांसाठी वापरेन, डोळ्यांतलं अंतर, कानाची ठेवण, ठिपके. जुने, धूसर, लग्नाच्या अल्बममध्ये कोपऱ्यात आलेले असले तरी शोधा. व्हिडिओ असेल तर फारच चांगलं, चाल कळते. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं लिहून द्या, की तो दारात कसा उभा राहायचा. एकत्र बसून लिहू नका, सगळे एकच लिहितात. तैलचित्र असेल तर वार्निशला साधारण सहा महिने थांबावं लागेल. जलरंगात हवं असेल तर काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट घालायचा, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर टांगायचं नाही, बुरशी धरते.