वॉशिंग्टन : एका आडनांवाची कुळकथा

नवख्या माणसाचें आडनांव समजलें कीं, ‘तुमचें मूळ गांव कोणतें?’ हा पुढचा प्रश्न आपल्याकडे ओघानेंच येतो. पुष्कळदां तो विचारण्याचीहि गरज पडत नाहीं. आडनांवाच्या शेवटचा ‘कर’ बाजूला काढला कीं गांव आपोआप हातीं लागतें. गांवावरून आडनांव घेण्याची ही रीत आपल्यापुरतीच आहे असें मात्र नाहीं. इंग्लंडांतहि अशीं आडनांवें विपुल आहेत. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्यय लागत नाहीं. गांवाचें नांव जसेंच्या तसें माणसाचें आडनांव होऊन बसतें. अशाच एका आडनांवाची हकीकत येथें सांगावयाची आहे. खुद्द इंग्लंडांत तें विरळ आहे. परंतु तें कधींच ऐकलें नाहीं असा सुशिक्षित मनुष्य जगांत सांपडणें कठीण. तें आडनांव म्हणजे वॉशिंग्टन.

हा शब्द उच्चारतांच अमेरिकन संस्थानांचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डोळ्यांपुढें उभे राहतात आणि पाठोपाठ त्यांच्या नांवानें वसविलेली राजधानी आठवते. परंतु अमेरिकेच्या २००० सालच्या खानेसुमारींत ज्या १,६३,०३६ लोकांचें आडनांव वॉशिंग्टन असें नोंदलें गेलें, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ९० लोक आफ्रिकी वंशाचे होते. गोऱ्या वॉशिंग्टनांचें प्रमाण त्या मानानें अगदींच अल्प. ईशान्य इंग्लंडांतील एका लहानशा गांवाचें नांव आफ्रिकेंतून बळानें आणलेल्या लोकांच्या वंशजांपर्यंत कसें पोहोंचलें, हा प्रश्न साधा नाहीं. आणि त्याचें सामान्यतः दिलें जाणारें उत्तरहि पुरतें खरें नाहीं.

प्रथम गांव पाहूं. वॉशिंग्टन हें गांव जुन्या डरहॅम परगण्यांतील. १९७४ सालच्या पुनर्रचनेनंतर तें टाइन अँड वेअर या नव्या परगण्यांत गेलें व सुंदरलँडच्या हद्दींत मोडूं लागलें. प्राचीन इंग्रजींत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी किंवा वस्ती. वास्सा नांवाच्या कोणा पुरुषाच्या आप्तपरिवाराची जी वस्ती, तिचें नांव वॉशिंग्टन. दक्षिणेकडे ससेक्समध्येंहि याच नांवाचें दुसरें एक गांव आहे. यावरून एक सावधगिरी शिकावयाची ती ही कीं, आडनांवांतील गांव ओळखलें म्हणजे नेमकें कोणतें गांव हें कळलेंच असें नाहीं. प्रसिद्ध वॉशिंग्टन घराण्यापुरता मात्र हा प्रश्न कागदोपत्रीं सुटलेला आहे. सन ११८३ मध्यें डरहॅमच्या बिशपांनीं आपल्या जमिनींची मोजदाद करविली. ‘बोल्डन बुक’ या नांवानें ती वही प्रसिद्ध आहे. विल्यम दे हर्टबर्न नांवाच्या सरदारानें हर्टबर्न गांव देऊन त्याच्या बदल्यांत वॉशिंग्टन घेतलें, वर्षाला ४ पौंड खंड देण्याचें कबूल केलें आणि बिशपांच्या मोठ्या शिकारीस ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर राहण्याचें पत्करलें, अशी नोंद तींत आढळते. गांव बदललें तसें नांवहि बदललें. ‘हर्टबर्नचा विल्यम’ जाऊन त्याचें घराणें ‘वॉशिंग्टनचें’ झालें. म्हणजे या आडनांवाच्या मुळाशीं रक्ताचा संबंध नाहीं; जमिनीच्या एका अदलाबदलीचा करार आहे.

गांवाचें नांव माणसाला चिकटण्याच्या वाटा इंग्लंडांत दोन होत्या. एक ही, जमीनदाराची. दुसरी, गांव सोडून गेलेल्या सामान्य माणसाची. एखाद्या गांवांत शंभर माणसें राहत असतां त्यांतील एकाला गांवाच्या नांवानें हांक मारण्यांत कांहींच अर्थ नसतो. परंतु तोच मनुष्य वीस मैलांवर जाऊन राहिला कीं तेथील लोक त्याला ‘अमक्या गांवचा’ म्हणूं लागतात. गांवाचें आडनांव हें असें बहुधा गांव सुटल्याची खूण असतें. सन १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांत हीं नांवें वंशपरंपरागत झालीं. बापाचें आडनांव मुलाला मिळूं लागलें, मग तें गांव त्यानें पाहिलेलें असो वा नसो.

लहान गांवावरून पडलेलें आडनांव पुष्कळदां एकाच मूळ पुरुषापासून चालत येतें, आणि म्हणून तें विरळहि राहतें. या तर्काला आतां शास्त्राचा आधार मिळालेला आहे. पुरुषाच्या शरीरांतील ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातें. आडनांवहि त्याच वाटेनें जातें. हें लक्षांत घेऊन लेस्टर विद्यापीठांतील संशोधकांनीं ४० ब्रिटिश आडनांवांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी केली व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनांवाच्या माणसांत विशेष नातें दिसलें नाहीं. लोहाराचा धंदा गांवोगांव होता, तेव्हां स्मिथहि गांवोगांव झाले. उलट नॉटिंगहॅमशायरमधील गांवावरून पडलेल्या ॲटनबरो या विरळ आडनांवाच्या बहुतेक पुरुषांचें गुणसूत्र एकाच प्रकारचें निघालें. आडनांव जितकें विरळ, तितका पूर्वज एक असण्याचा संभव अधिक, असा हा नियम. वॉशिंग्टन आडनांवाचें वैशिष्ट्य असें कीं, समुद्र ओलांडतांच त्यानें हा नियम मोडला.

तें समुद्रापलीकडे गेलें कसें? तेराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याची एक शाखा पश्चिमेकडे वेस्टमोरलंडांत व पुढें लँकेशायरमधील वॉर्टन येथें गेली. मूळ गांवीं राहिलेल्या शाखेंत सन १४०० च्या सुमारास पुरुषवंश खुंटला. वॉर्टनच्या शाखेंतील लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोंकरीच्या व्यापारानें संपन्न होऊन नॉर्थॅम्प्टन शहराचा दोनदां मेयर झाला. आठव्या हेन्री राजानें मठ मोडून त्यांच्या जमिनी विकावयास काढल्या तेव्हां त्यानें १५३९ सालीं ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सांना सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. त्याचा पणतू, त्याचेंहि नांव लॉरेन्सच, एसेक्समधील पर्ली येथें धर्मोपदेशक होता. यादवी युद्धाच्या धामधुमींत, १६४३ सालीं, दारूच्या गुत्त्यांत जाण्याचा आरोप ठेवून पार्लमेंटच्या पक्षानें त्याला पदावरून दूर केलें. या दुर्दैवी धर्मोपदेशकाचा मुलगा जॉन व्यापारी गलबतावर नोकरी धरून १६५६ च्या सुमारास व्हर्जिनियास गेला. तंबाखू भरून परत निघालेलें तें गलबत पोटोमॅक नदींत रुतलें. जॉन तेथेंच राहिला, तेथेंच त्यानें लग्न केलें. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याचे पणतू.

घराण्याचें चिन्ह, पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे, आजहि जिवंत आहे. राजधानीच्या शहरानें १९३८ सालीं आपलें निशाण त्यावरूनच ठरविलें. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःला मात्र या कुळकथेची फारशी ओढ नव्हती. इंग्लंडांतील वंशावळींचे अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनीं पत्र लिहून चौकशी केली, तेव्हां १७९२ सालच्या उत्तरांत त्यांनीं, या विषयाकडे आपण फार थोडें लक्ष दिलें आहे, अशी सरळ कबुली दिली. त्यांना स्वतःचें अपत्यहि नव्हतें. म्हणजे ज्या पुरुषामुळें हें आडनांव जगप्रसिद्ध झालें, त्याच्यापासून तें पुढें चाललेंच नाहीं.

तें चाललें दुसऱ्याच वाटेनें. १७९९ सालीं, जॉर्ज वॉशिंग्टन वारले त्या वर्षीं, माउंट व्हर्नन येथील त्यांच्या जमिनीवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकीं १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. या १२३ जणांना मुक्त करावें असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेवलें व १ जानेवारी १८०१ रोजीं तें अमलांत आलें. परंतु मृत्युपत्राची वाट न पाहतां ज्यांनीं स्वातंत्र्य मिळविलें, अशांपैकीं हॅरी नांवाच्या पुरुषाची हकीकत विशेष आहे. तो गँबिया नदीच्या बाजूचा. १७६३ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं त्याला विकत घेतलें. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर १७७६ सालीं तो पळून इंग्रजांच्या बाजूस मिळाला. १७८३ सालीं इंग्रज सैन्यानें न्यूयॉर्क सोडलें तेव्हां बरोबर नेलेल्या कृष्णवर्णीयांच्या यादींत त्याचें नांव ‘हॅरी वॉशिंग्टन’ असें लागलें. तेथून तो नोव्हा स्कोशियास व १७९२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन वसाहतींत गेला. १८०० सालीं जमिनीवरील कराच्या प्रश्नावरून तेथील वसाहतवाल्यांनीं सरकारविरुद्ध बंड केलें, त्यांत हॅरी होता. त्याबद्दल त्याला हद्दपारी झाली. कराच्या तक्रारीवरूनच त्याच्या जुन्या मालकानेंहि शस्त्र उचललें होतें. एकाला राष्ट्रपिता म्हणतात, दुसऱ्याचें नांव थोड्यांनाच ठाऊक आहे. डरहॅमच्या गांवाचें नांव मात्र असें फिरून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागलें.

हॅरीच्या उदाहरणावरून कोणी असें समजेल कीं, आजचे सारे कृष्णवर्णी वॉशिंग्टन हे त्या घराण्याच्या गुलामांचे वंशज असावेत. नेहमीं दिलें जाणारें उत्तर तें हेंच. कांहींच्या बाबतींत तें खरेंहि आहे; परंतु मुक्ति मिळाल्यावर मालकाचेंच आडनांव सर्वांनीं चालू ठेवलें, असें मुळींच नाहीं. १८५० व १८६० सालच्या खानेसुमारींत गुलामांचीं वय, लिंग व वर्ण एवढ्याच नोंदी होत्या. नांवाचा रकाना भरलाच जात नसे. आपसांत पुष्कळजण आडनांवें वापरीत; सरकारी कागदाला तीं ठाऊक नव्हतीं. १८६५ सालीं गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० च्या खानेसुमारींत या सर्व लोकांचीं नांवें व आडनांवें प्रथमच लिहिलीं गेलीं.

नांव घेण्याचा तो प्रसंग कसा असे, हें बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आत्मचरित्रावरून चांगलें कळतें. १८५६ च्या सुमारास व्हर्जिनियांत गुलाम म्हणून जन्मलेला हा मुलगा मुक्तीनंतर मिठाच्या भट्टीवर काम करीत असे. शाळेंत गेल्यावर हजेरीच्या वेळीं त्याच्या लक्षांत आलें कीं, प्रत्येक मुलाला निदान दोन नांवें आहेत, कित्येकांना तर तीन. आणि आपल्याला एकच, बुकर. गुरुजींनीं पूर्ण नांव विचारलें तेव्हां, जणूं जन्मापासून तेंच आहे अशा शांतपणानें, त्यानें सांगितलें, ‘बुकर वॉशिंग्टन’. त्याच्या सावत्र बापाचें पहिलें नांव वॉशिंग्टन होतें. तें मुलानें आडनांवाच्या जागीं बसविलें. आईनें आपलें नांव ‘बुकर टालियाफेरो’ असें ठेवलें होतें हें त्याला मागाहून समजलें, आणि तेंहि त्यानें मधल्या अक्षरांत जतन केलें. याच बुकर वॉशिंग्टननें १८८१ सालीं टस्कीगी येथील विद्यालयाची धुरा हातीं घेतली. मुक्त झालेल्या पुष्कळांना जुन्या मालकाचें आडनांव लावणें प्रशस्त वाटेना व त्यांनीं निराळीं नांवें घेतलीं. नांव बदलणें ही स्वातंत्र्याची एक पहिली खूण होती, असें तो सांगतो. राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाचें नांव अशा वेळीं सर्वांच्या ओठांवर असणारच. त्यामागें कोणाचा आदर असेल, कोणाची इतरांच्या बरोबरीनें उभें राहण्याची इच्छा असेल. तें मालकाकडून मिळालेलें नव्हे, आपण होऊन निवडलेलें आडनांव होतें. हाच तो काळ, कीं ज्या काळांत महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठीं झटल्याबद्दल अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें.

याच्या उलट बाजूचेंहि एक उदाहरण आहे. २००७ सालीं लेस्टरच्याच संशोधकांना यॉर्कशायरमधील एका विरळ आडनांवाच्या गोऱ्या इंग्रज पुरुषांत पश्चिम आफ्रिकेंतील ‘वाय’ गुणसूत्र सांपडलें. त्या आडनांवाच्या आणखी १८ जणांची तपासणी केली असतां सात जणांत तेंच निघालें, आणि त्यांच्या वंशावळी १७८० च्या सुमारच्या यॉर्कशायरपर्यंत मागें गेल्या. म्हणजे अस्सल इंग्रज म्हणविणाऱ्या नांवामागें आफ्रिकन पूर्वज, आणि आफ्रिकन वंशजांच्या मागें इंग्रज गांवाचें नांव! आडनांवावरून रक्त ओळखूं पाहणाऱ्यानें या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात.

मूळ गांवीं त्या घराण्याच्या जागेवर उभा असलेला जुना वाडा विसाव्या शतकांत मोडकळीस आला व गरीब कुटुंबांना भाड्यानें दिलेला होता. १९३६ सालीं तो पाडण्याचें ठरत असतां फ्रेड हिल नांवाच्या तेथील एका शिक्षकानें समिति स्थापून तो वांचविला. १९५५ सालीं तो लोकांसाठीं उघडण्यांत आला. अमेरिकेंतून येणारे प्रवासी आज तो पाहावयास जातात. त्यांच्यांतील कोणा वॉशिंग्टनला ‘तुमचें मूळ गांव कोणतें?’ असें विचारलें, तर वाड्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. बाकीच्यांचें गांव गँबियाच्या कांठीं असेल, व्हर्जिनियाच्या तंबाखूच्या शेतांत असेल, किंवा कागदावर कोठेंच नोंदलेलें नसेल. त्यांच्या पूर्वजांना स्वतःचें गांव सांगण्याची सोय कोणी ठेवली नव्हती. म्हणून त्यांनीं दुसऱ्याच्या गांवाचें नांव घेतलें, आणि आज त्या नांवाचे खरे धनी संख्येनें व कर्तृत्वानें तेच आहेत.