चित्रकार बेंद्रे यांची उमेदवारी

चित्रकार शाळेत घडतो की वाटेवर, हा वाद जुना आहे. त्यात न पडता आज आपण एका उमेदवारीचा मागोवा घेऊ. माळव्यातल्या आणि गुजराथेतल्या मराठी माणसांना तर ती आपल्या अंगणातलीच वाटावी.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. होळकरांच्या त्या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर चित्रकलेचे वर्ग चालवीत असत. त्या काळची सरकारी शिकवण म्हणजे बंद खोलीत पुतळ्यांचे ठसे समोर ठेवून छायाप्रकाश घोटीत बसणे. देवळालीकरांनी मुलांना रंगपेटीसह उघड्यावर नेले. उघड्यावर चित्र काढणे ही निव्वळ हौस नव्हे. ऊन तासाभरात पालटते. तेवढ्या अवधीत बारकावे घोटता येत नाहीत, रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून दृश्याचा एकूण ठसाच पकडावा लागतो. मग ध्यानात येते की सावली काळी नसते. तिच्यात निळा असतो, जांभळा असतो. हा धडा पुस्तकातून मिळत नाही. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन या साऱ्यांनी इंदूरलाच धडे गिरविले, हे ऐकल्यावर संस्थानी गावातील शाळेला कोण कमी लेखील?

मुंबईची सरकारी पदविका बेंद्रे यांनी घेतली. १९३४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४१ साली सुवर्णपदकही मिळविले. मधल्या काळात, १९३६ पासून काही वर्षे, त्यांनी काश्मीरमध्ये प्रवासी खात्याची नोकरी केली. हात तयार, समोर चिनार आणि सरोवरे, आणि चित्रांना गिऱ्हाईकही तयार! तरुण कलावंताला याहून गोड सापळा कोणता असेल? निसर्गचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. तेवढ्यावर जन्म सुखाने गेला असता.

पण १९४५ साली ते शांतिनिकेतनात गेले. तेथे नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचा सहवास लाभला. इंदूरच्या तालमीत वस्तू उन्हाने दिसे; इथे ती रेषेने उभी राहत होती. झाडावर पडलेला प्रकाश टिपणे निराळे आणि झाडाची वाढ रेषेत धरणे निराळे. पस्तिशीतल्या, पदके मिळविलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, याचे मला मोठे अप्रूप वाटते. पुढे १९४७-४८ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. आपल्याकडे ज्या आधुनिक कृतींची ओळख बहुधा छापील प्रतिकृतींवरून होई, त्या तेथे मूळ स्वरूपात पाहता येत.

१९५० साली वडोदऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात चित्रकलेचे अध्यापन त्यांनी स्वीकारले. तेथे घनवादापासून अमूर्तापर्यंत त्यांनी अनेक प्रयोग केले. ‘काटा’ या चित्रास १९५५ साली राष्ट्रीय पारितोषिक लाभले. या बदलत्या शैलीबद्दल त्यांना बोल लावता येईल. एका वाटेवर ते फार काळ टिकले नाहीत हे खरे. परंतु शिक्षक म्हणून तीच गोष्ट फळली. विद्यार्थ्यांदेखत ते स्वतः चित्र रंगवून दाखवीत, आणि तरीही ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख यांपैकी कोणीही गुरूची नक्कल झाला नाही.

१९६६ साली वडोदरा सोडून ते मुंबईस आले. फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यातील त्यांची पुष्कळ चित्रे शुद्ध रंगांच्या बारीक ठिपक्यांनी विणलेली आहेत. जवळून ते ठिपके सुटे दिसतात. चार पावले मागे सरकले की ऊन पडते.