बुडबुडे उघडतात औषधाची वाट

शिरेतून दिलेले औषधी नॅनोकण कर्करोगाच्या गाठीत फारच थोडे पोहोचतात. आधीच्या अनेक प्रयोगांच्या २०१६ मधील छाननीत हे प्रमाण मात्रेच्या सुमारे ०.७ टक्के निघाले. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आतला दाब जास्त, पेशींभोवतीचे जाळे दाट. शिवाय बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच अडवतात.

सोनोग्राफीत प्रतिमा ठळक करण्यासाठी वापरतात ते वायूचे सूक्ष्म बुडबुडे इथे उपयोगी पडतात. आकार साधारण लाल रक्तपेशीहून लहान, कवच मेदाचे किंवा प्रथिनाचे. बाहेरून गाठीवर ध्वनिलहरी रोखल्या की ते फुगतात, आकसतात. लहरी तीव्र असल्या तर फुटतात. त्या धक्क्यांनी रक्तवाहिनीच्या भिंतीत तात्पुरत्या फटी पडतात आणि कण आत शिरतात. तीव्रता मात्र बेताचीच हवी, नाहीतर रक्तस्रावाचा धोका.

पवईच्या आयआयटी मुंबईत रिंटी बॅनर्जी यांच्या गटाने याहूनही लहान नॅनोबुडबुडे लायपोसोमना, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांना, जोडले आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधासोबत वापरून पाहिले. उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच बुडबुडे सोनोग्राफीतही दिसतात. त्यामुळे ते गाठीत पोहोचल्याचे पाहूनच लहरी सोडता येतात.