टिप कुणाच्या हातात पडते?

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं थाळीचं हॉटेल आहे आणि गल्ल्यावर मी बसते. टिप किती द्यावी, असं ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात. ती कुणाला पोचते हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते आधी तेच विचारायला हवं.

थाळीत एकच माणूस वाढत नाही. भाजीवाला वेगळा, आमटीवाला वेगळा, पोळ्या घेऊन फिरणारा तिसरा, ताक-मठ्ठ्याचा चौथा. शेवटी जो बिल आणून ठेवतो, टिप त्याच्या हाताला लागते, आणि कधी कधी त्याने तुमच्या टेबलावर पाण्याशिवाय काहीच आणलेलं नसतं. आत भट्टीशेजारी पोळ्या लाटणाऱ्या बायका आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशी तर गिऱ्हाइकाला दिसतही नाहीत. म्हणून आमच्याकडे गल्ल्याजवळ पत्र्याचा डबा आहे. सगळी टिप त्यात पडते आणि दर रविवारी रात्री सगळ्यांसमोर मोजून वाटली जाते. मोरीवरच्या मावशींना पूर्ण वाटा. सुरुवातीला वाढपी कुरकुरले, पण ताट स्वच्छ नसेल तर टिप कुठून येणार, हे त्यांना पटलं. मालकाचा त्यात पैसाही नसतो. पगार देणं माझं काम. टिप येते म्हणून तो कमी ठेवणाऱ्या मालकाला मी चोरच म्हणेन. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली एका हॉटेल कंपनीच्या आयकर प्रकरणात गिऱ्हाइकाकडून येणारी टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असं सांगितलं आहे.

मोबाइलवरून पैसे भरायला लागल्यापासून हा डबा हलका झाला. पूर्वी ६४० रुपये बिल झालं की लोक ७०० ठेवून उठत. आता कोडवर बरोबर ६४० भरतात. मन कोतं झालंय असं नाही, सुटे हातात येतच नाहीत. कुणी जास्त भरलेच, तर ते हॉटेलच्या खात्यात जातात आणि विक्रीत मिसळतात. वाढप्यापर्यंत पोचणं मालकाच्या मर्जीवर. आम्ही बडीशेपेच्या वाटीशेजारी दुसरा कोड लावलाय, जुन्या वाढप्याच्या खात्याचा. रविवारच्या मोजणीत तेही पैसे येतात. पण सगळीकडे अशी सोय नसते, म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की खिशात १० आणि २० च्या नोटा ठेवा आणि टिप रोखच द्या.

आता सेवा शुल्काचं. बिलात ५ टक्के जीएसटी दिसतो तो सरकारचा, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क मात्र हॉटेलवाला स्वतः लावतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आपोआप बिलात लावायला मनाई केली, दुसऱ्या नावाने घ्यायलाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. पुढे अपीलही झालं. त्यामुळे बिलात ते दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. नाहीच काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ते भरलंत, तर वर टिप द्यायची गरज नाही.

आणि रक्कम? साध्या थाळीला किंवा उडप्याकडे माणशी १०-२० रुपये पुष्कळ झाले. एसीत निवांत बसून, चार वेळा हाक मारून जेवलात, तर बिलाच्या ५ ते १० टक्के. कूपन घेऊन स्वतः ताट उचललंत तर काही नाही. सलूनमध्ये मालकाने स्वतः केस कापले तर नको, खुर्चीवरच्या कारागिराला जरूर. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र हा हिशेब तिथे लावू नये. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. काही राज्यांत दर जास्त आहे, तरी बसून जेवलात तर १५ ते २० टक्के धरूनच चाला.

गॅस सिलिंडर घरी पोचवण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो. वर २०-३० रुपये कुणी हक्काने मागितले तर नाही म्हणायला कचरू नका. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भरलेला सिलिंडर खांद्यावरून आला असेल, तर आणणाऱ्याने मागायच्या आधीच द्या. त्यात घरगुती सिलिंडरचा गॅसच १४.२ किलो असतो, लोखंडाचं वजन वेगळं.